नाटकाच्या पडद्यावरचं गाव

शाळेत चित्रकलेच्या तासाचं काय होतं, ते शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गणिताच्या सरांचा भाग मागे पडला की ते वर्गाच्या दारात येऊन हसतात आणि चित्रकलेच्या बाई आपले खडू उचलून बाहेर पडतात. मी नोकरीभर अशी पुष्कळदा बाहेर पडले. त्यामुळे निवृत्तीनंतर दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असं कोणी म्हणालं, तेव्हा आधी हसूच आलं. डॉक्टर लिहितात, पोलीस लिहितात, वनखात्यातली माणसं वाघाबद्दल लिहितात. चित्रकलेच्या बाईच्या आयुष्यात काय घडणार? फार तर पाण्याचा डबा सांडणार.

पण एक दुपार अशी आहे की ती अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तीच सांगते. त्यासाठी आधी आमच्या कामातली थोडी माहिती द्यावी लागेल.

शाळा उघडली की आम्हाला वार्षिक नियोजन द्यावं लागतं. कोणत्या महिन्यात स्थिरचित्र, कधी निसर्गचित्र, कधी अक्षरलेखन. स्थिरचित्र म्हणजे टेबलावर तांब्या-पेला मांडून तो बघून काढायचा. स्मरणचित्र म्हणजे जत्रा, बाजार असलं काही आठवून काढायचं. बहुतेक जण मागच्या वर्षीचं नियोजन उतरवून देतात, कारण ते कोणी वाचत नाही. मीही पहिली नेमणूक झाली तेव्हा तसंच छापील नियोजन घेऊन एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका शाळेत गेले. तिथे पाचवीच्या वर्गाला म्हटलं, हरिण काढा. एका मुलाने कागदभर नुसत्या खुरांच्या खुणा काढल्या. म्हटलं, हरिण कुठे आहे? तो मराठी तुटकंच बोलायचा. म्हणाला, "गेलं." आणि इतक्या खात्रीने म्हणाला, की मी खिडकीबाहेर पाहिलं.

नंतर मुलचेऱ्याकडे बदली झाली. तिथल्या बंगाली वस्तीतल्या मुलांना मी मातीकाम शिकवायला घेतलं. त्यांच्या घरी दरवर्षी मूर्ती घडायच्या. दुसऱ्या तासाला मी गुपचूप त्यांच्यातच बसून माझा गोळा वळू लागले.

तेव्हापासून मी छापील नियोजन सोडलं. जिथली मुलं असतील तिथलं नियोजन करायचं, असं ठरवलं. आणि हळूहळू दुसरीही गोष्ट लक्षात आली, की ते नियोजन बाईलाही जमलं पाहिजे. माझा जलरंग कायम मळतो. बारीक कुंचल्याने पान काढायला बसले की मान दुखते. पण मोठं काम मला जमतं, कारण माझे बाबा वडशाच्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. आमच्याकडे झाडीपट्टीत धान घरात आलं की होळीपर्यंत गावोगावी नाटकं चालतात. त्या नाटकांना मागे रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा, जंगलाचा पडदा लागायचा. लहानपणी मी बाबांच्या मागे सरसाचं, म्हणजे रंगात कालवायच्या खळीचं, भांडं घेऊन फिरले आहे. आता बहुतेक ठिकाणी फ्लेक्स आले.

माझी सगळ्यात जास्त नोकरी मूल शहराच्या पुढच्या एका गावात झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात. त्या गावातली पोरं कागदावर अगदी एवढंसं काढायची. पूर्ण कोरा कागद आणि कोपऱ्यात मुंगीएवढं घर. पण पोळ्याच्या आधी हीच पोरं शाळेच्या पटांगणात चुन्याने बैल काढायची, तेव्हा शिंगापासून शेपटीपर्यंत माणूस झोपेल एवढा बैल व्हायचा. मी म्हटलं, ह्यांना कागद लहान पडतो आहे.

त्याच वर्षी गावच्या नाट्य मंडळाने ठरवलं, की यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी बाहेरची कंपनी न आणता गावातल्या लोकांनीच नाटक करायचं. मंडळाचे प्रमुख देवरावभाऊ. धानाची शेती, मोठं घर, आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जाईल. ते शाळेत आले.

"बाई, तुमचे बाबा पडदे रंगवत होते म्हणते. आमाले गावाचा पडदा करून द्या ना."

मी म्हटलं, "मी नाही, नववीचा वर्ग करेल. आणि खोटं गाव नाही करणार. आपलंच गाव काढू."

देवरावभाऊ खूश. "आपलंच गाव स्टेजवर? वा! जमते."

मी त्या वर्षाचं सगळं नियोजन त्या पडद्याभोवती बांधलं. निसर्गचित्राच्या तासाला पोरं गावात हिंडून घरं, झाडं, बोडी काढू लागली. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेताजवळचं लहान तळं. चौकटी पाडून लहान चित्र मोठं कसं करायचं, ते भूमितीच्या सरांना विचारून शिकवलं, तर तेही वर्गात येऊन बसले. रंगकामाच्या तासाला सरस शिजवला, खडूची पूड कालवली, पुडीचे रंग घोटले. सरसाचा वास मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला. ते नाकाला रुमाल लावून आले आणि रुमाल काढून बघत उभे राहिले. तो मला माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला काळ वाटतो. एकही सर माझा तास मागायला आले नाहीत.

पडद्याचं काम असं असतं. मांजरपाटाचा पन्हा अरुंद असतो. असे अरुंद पट्टे, आम्ही त्यांनाही पन्हेच म्हणतो, शेजारी शेजारी उभे शिवले की पडदा होतो. एरवी आधी शिवतात आणि मग रंगवतात. पण आमच्याकडे एवढा पडदा पसरायला जागा नव्हती. म्हणून मी एकेक पन्हा एकेका गटाला दिला, व्हरांड्यात रंगवायला. क्षितिजाची रेघ आणि रस्त्याची रेघ कुठे जुळायची, तेवढ्या खुणा मी करून दिल्या. बाकी गाव त्यांचं. एकच नियम होता, की दुसऱ्याच्या पन्ह्याला हात लावायचा नाही. बाईंनीही नाही.

डाव्या टोकाचा पन्हा करिश्माच्या गटाकडे होता. करिश्मा माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी. तिचा हात पहिल्यांदा पाहिला तेव्हाच मला माझ्या बाबांची आठवण झाली, एवढी सरळ रेघ. ती माझी शेजारीणही होती. मी बौद्ध मोहल्ल्यात खोली घेऊन राहायची आणि तिचं घर माझ्या खोलीला लागून. तिची आई शीलाबाई लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी-कापणीला जायची. सकाळी करिश्मा आणि मी सोबत शाळेत जायचो. विहारापासून निघायचं, गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या दारावरून, मग राइस मिलजवळ मोठ्या रस्त्याला लागायचं.

पन्हे झाले. शिंप्याने शिवून दिले. शनिवारी शाळा सुटल्यावर पटांगणात बांबू रोवून पडदा टांगला. लांबून कसा दिसतो ते बघायचं होतं. निम्मं गाव जमलं. पडदा वर चढला आणि जो काही ओरडा झाला! "हे पाय, आपला गोठा!" "मारुतीच्या देवळाले चुना बी बराबर देल्ला!" चेतन नावाचा मुलगा, त्याच्या गटाकडे मधला पन्हा होता, तो आपल्या आजोबांना हाताला धरून पडद्याजवळ नेऊन त्यांची खाट दाखवत होता. उजव्या टोकाला देवरावभाऊंचं घर आणि बोडी. मला इतका आनंद झाला होता, की मी टाळ्या वाजवायला हात उचलले.

मी सहज मनाने पडद्यातून चालत निघाले. म्हणजे डोळ्यांनी. शाळेतून निघाले, देवळावरून, ग्रामपंचायतीवरून, राइस मिलपर्यंत आले. रोजच्यासारखी घराकडे वळायला गेले.

वळण नव्हतं.

राइस मिलच्या पुढे रस्ता सरळ धानाच्या बांध्यांत जाऊन संपत होता. पिवळं धान, त्यावर बगळे, फार सुंदर. विहार नव्हता. विहारावरचा झेंडा नव्हता. आशाताईंचं घर, पाण्याची टाकी, माझी खोली, करिश्माचं घर, काही नाही. गावाचा एक अख्खा हिस्सा उचलून तिथे धान पेरलं होतं.

माझे हात तसेच अर्धवट राहिले. आधी वाटलं, शिवताना एक पन्हा सुटला. शिंप्याकडे राहिला असेल. मी पळत पडद्याच्या मागे गेले आणि शिवण मोजू लागले. सगळे पन्हे होते. मग समोर येऊन पुन्हा डावीकडे पाहिलं. हा डावा पन्हा करिश्माचा होता.

आणि तो पन्हा मी रोज बघत होते. बगळ्यांच्या पिसांचा पांढरा कसा करायचा, ते मीच सांगितलं होतं. जमिनीवर पसरलेल्या एका पट्ट्यात धान आहे, एवढंच दिसलं होतं. त्या धानाखाली काय होतं, ते डोक्यातच आलं नाही.

करिश्माला बाजूला घेतलं. "करिश्मा, आपला मोहल्ला कुठे आहे?"

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"मॅडम, हा नाटकाचा पडदा हाये न."

"मग?"

"नाटकाच्या पडद्यात आपला मोहल्ला कुठी रायते? मी तं कोण्याच पडद्यात पाह्यला नाई."

"कोणी सांगितलं का तुला, काढू नको म्हणून? गटातल्या कोणी? मंडळाच्या कोणी?"

"नाई मॅडम. कोणीच नाई सांगतलं." आणि ती हसली. "काऊन? धान चांगलं नाई झालं का?"

कोणी तिला दमदाटी केली असती तर मी भांडले असते. भांडायची मला सवय होती. पण इथे भांडायला समोर माणूसच नव्हता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने, कोणी न सांगता, स्वतःच्या हाताने, सुंदर सरळ रेघेने आपलं घर वगळलं होतं आणि तिला त्यात काही वाटलंही नव्हतं. तिच्या गटात मोहल्ल्यातली आणखी दोन पोरं होती. त्यांनाही नाही. भोवती जमलेल्या गर्दीत मोहल्ल्यातली माणसं होती. तीही हौसेने देवरावभाऊंचा गोठा ओळखत होती.

मी देवरावभाऊंना गाठलं. ते गर्दीत कौतुक घेत होते. त्यांना डावीकडे नेऊन दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"हो जी. खरंच नाई." त्यांनाही ते पहिल्यांदाच दिसलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण मंडई तोंडावर आली होती. "पण बाई, आता झालं न. लोकं नाटक पाहाले येतेत, घरं मोजाले येतेत का?"

मुख्याध्यापक चांगले गृहस्थ होते, फक्त भित्रे. ते मला खोलीत नेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी तुमच्या भल्याचं सांगतो. तुम्ही रामटेके, त्याच समाजाच्या. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर चाललं असतं. तुम्ही म्हणाल तर लोक वेगळा अर्थ काढतील."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दुसऱ्या कोणाला ते दिसलं असतं तर ना! त्या दिवशी मी घरी गेले ती राइस मिलजवळ थांबून, खरं वळण आहे ना ते बघून गेले. एवढं माझं डोकं फिरलं होतं.

सोमवारी नववीचा तास पटांगणात टांगलेल्या पडद्यासमोरच घेतला. काही समजावून सांगितलं नाही. एक लांब काडी घेतली आणि म्हटलं, शाळा सुटली. प्रत्येकाने काडीने आपापल्या घरी जाऊन दाखवा.

पोरांना खेळच मिळाला. चेतन देवळावरून गेला आणि मध्येच काडी थांबवून म्हणाला, "इथी मी बोरं खातो." सगळे हसले. कोणी बोडीवरून लांबचा रस्ता घेतला. मग करिश्माची पाळी आली. तिने काडी शाळेच्या दारावर ठेवली. देऊळ. ग्रामपंचायत. राइस मिल. आणि काडी थांबली.

पोरं पुन्हा हसली. "अवो, धानात घुसली!" करिश्माही हसली. पण काडी कुठेच टेकेना. ती हवेत तशीच राहिली आणि एकेकाचं हसू बंद होत गेलं. मला भीती वाटू लागली, की हे मी काय करून बसले.

शेवटी चेतनच बोलला. "मॅडम, तं मंग आपलं क्रिकेटचं मैदान बी नाई. ते विहाराच्या मांगं हाये न."

"आशाताईचं घर बी नाई," एक मुलगी म्हणाली. "माह्या लहान भावाले डोस द्याले तिथीच नेतो आमी."

"पाण्याची टाकी बी!"

"मॅडमची खोली बी नाई!" आता सगळे माझ्याकडे बघू लागले.

चेतन म्हणाला, "पन्हा पुन्यांदा रंगवू. धानावर अस्तर मारू न मोहल्ला काढू." सगळा वर्ग हो म्हणाला. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि तेवढ्यात करिश्मा म्हणाली, "नाई."

"का गं?"

"माह्या पन्ह्याले कोणी हात लावाचा नाई. तुमचाच नियम हाये." ती आता हसत नव्हती. "आमचं घर मातीचं, वर कवेलू हाये. एका बाजूनं ताडपत्री बांधली. देवरावभाऊच्या घराच्या लाइनीत ते काढू? अख्खं गाव पाह्यन. पाहुणे पाह्यतीन. मले शरम येते." आणि ती रडत निघून गेली.

हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. शनिवारी ती मला प्रश्न न कळल्यासारखी हसली होती. आता तिला प्रश्न कळला होता आणि तो मीच तिच्या हातात काडी देऊन कळवला होता. नियोजनाच्या कागदावर 'उद्दिष्टे' असा एक रकाना असतो. त्यात असलं काही लिहिलेलं नसतं. चेतनला कुंचला देऊन पन्हा रंगवून घेणं सोपं होतं. मी ते केलं नाही. तिचा पन्हा होता. मी म्हटलं, पडदा आहे तसा राहू द्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शीलाबाई शाळेत आली. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती, तिथून तशीच आली होती, अंगाला कोंडा लागलेला, डोक्याला रुमाल. पोरगी जेवली नाही म्हणून विचारायला आली होती. "का झालं जी, मॅडम? मारलं का कोणी?"

मी काही बोलायच्या आधी तिची नजर पडद्याकडे गेली. ती शनिवारी कामावर होती, तिने तो पाहिलाच नव्हता. जवळ गेली. करिश्माही वर्गातून बाहेर येऊन लांब उभी राहिली. शीलाबाईने सगळा पडदा नीट बघितला. नाटकाचं तिला फार वेड. धान कापून अंग मोडलं तरी ती नाटक चुकवायची नाही. बघता बघता ती डाव्या टोकाला पोचली.

"हे तुह्यं काम का वो? लगीत सुंदर." मग म्हणाली, "आपलं घर कुठी हाये?"

करिश्मा खाली बघत राहिली.

शीलाबाईने पुन्हा राइस मिल पाहिली, रस्ता पाहिला, धान पाहिलं. तिला कळलं. ती रागावली नाही. थोडा वेळ तिने रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं आणि अगदी साधेपणाने, खरंच अडचण पडल्यासारखं विचारलं, "मंग मी नाटक पाहाले कुठून येऊ?"

शीलाबाईला परत कामावर जायचं होतं. ती गेली.

दुसऱ्या सकाळी करिश्मा माझ्या आधी शाळेत होती. तिने पडद्याचा खालचा डावा कोपरा जमिनीवर ओढून धानावर अस्तर मारायला घेतलं होतं. चेतन आणि बाकीचे लांब बसून नुसते बघत होते. तिने बोलावलं तेव्हा गेले. तिने विहार काढला, आशाताईंचं घर काढलं, टाकी काढली, माझी खोली काढली. स्वतःचं घर सगळ्यात शेवटी. ताडपत्रीसुद्धा काढली, निळी. अस्तर घाईचं झालं होतं. भिंतींमधून धानाचा पिवळा थोडा थोडा दिसत राहिला.

मंडळातल्या काही तरुणांना ते आवडलं नाही. पडदा डागाळला म्हणाले, फ्लेक्सच लावू म्हणाले. हाताशी वेळ नव्हता म्हणून ते तेवढ्यावर राहिलं, असं मला वाटलं. मंडईच्या दुपारी मी मुलांना घेऊन स्टेज बघायला गेले, तर मंडपवाल्याने स्टेज लहान बांधलेलं. पडदा त्यात मावत नव्हता. एका बाजूने एक पन्हा दुमडून मागे बांधायचा होता. तो बांधूनही झाला होता.

"मॅडम," चेतन म्हणाला, "करिश्माचा पन्हा गेला."

स्टेजवरच्या पडद्यात राइस मिल हीच गावाची हद्द होती. करिश्मा माझ्या शेजारी होती. ती चपलेने माती उकरत राहिली. ते मला पाहवेना. मी स्टेजवरच्या मुलाला विचारलं, "हीच बाजू का दुमडली?" तो म्हणाला, "बांबू तिकडून जवळ होता, बाई." खरंही असेल. मला आजही ते ठरवता आलेलं नाही.

तेवढ्यात मागच्या रंगपटातून देवरावभाऊ बाहेर आले. नाटकात ते जमीनदार होते. तोंडाला पावडर, मिशी एका बाजूची चिकटलेली, दुसरी हातात. त्यांना माझा आवाज ऐकू गेला असावा. त्यांनी पडदा पाहिला.

"काऊन दुमडला रे?"

"स्टेज छोटं हाये, भाऊ."

"मंग उजवीकून दुमडा."

"तिकून दुमडलं तं तुमचं घर जाते, भाऊ. बोडी बी जाते."

"जाऊ दे न बावा. मी तं खुद स्टेजवरच हावो. माह्यं घर साऱ्याइले मालूम हाये." आणि मिशीचा दुसरा तुकडा ओठावर दाबत ते आत निघून गेले.

मी तिथेच एका खुर्चीवर बसले. त्या माणसाकडून मी ही अपेक्षा धरलीच नव्हती. पोरांनी धावत जाऊन गाठी सोडल्या. नंतर भेटले तेव्हा देवरावभाऊ म्हणाले, "बाई, पडदा बराबर झाला, पण बायकोनं मले अजून माफ नाई केलं."

पुढच्या वर्षी मंडळाने फ्लेक्स आणलाच. त्यावर कुठल्या तरी परदेशातला बंगला होता आणि कारंजं. आमचा पडदा शाळेच्या खोलीत गुंडाळून ठेवला होता. पत्रा गळला आणि सरसाचे रंग वाहून गेले. पाण्यात विरघळणारा रंग तो, त्याला कोण काय करणार? मी मात्र त्यानंतर प्रत्येक वर्षी नियोजनात पहिला पाठ तोच ठेवला, शाळेतून आपापल्या घरी जायचा रस्ता काढा. त्यात कोण काय काढतं हे मी बघायची, त्याहून जास्त कोण काय सोडतं ते बघायची. काही मुलं अजूनही घराच्या आधीच रस्ता संपवायची. त्यांना मी पुन्हा कधी सगळ्यांसमोर काडी दिली नाही. शेजारी बसून विचारायची.

पण त्या मंडईच्या दुसऱ्या सकाळचं सांगायचं राहिलं.

नाटक जोरात झालं. सकाळी मंडप सोडायला माणसं यायची होती, म्हणून मी आणि करिश्मा पडदा उतरवायला गेलो. तिथे शीलाबाई आणि मोहल्ल्यातल्या आणखी काही बाया आधीच स्टेजवर चढून उभ्या होत्या. लांबून रात्री नीट दिसलं नव्हतं म्हणून जवळून बघायला आल्या होत्या. एकमेकींना आपापली घरं दाखवत होत्या, बोट लावून, रंग निघतो म्हटलं तरी. शीलाबाई आपल्या घरापाशी उकिडवी बसली होती. ताडपत्री पाहून हसली. मग तिने लेकीला हाक मारली.

"करिश्मा, दार लावून काऊन काढलं वो? दिवसा कधी लावतो का आपण?"

करिश्माने वाकून पाहिलं. खरंच, तिने दार बंद काढलं होतं, कडीसकट. ती धावत शाळेत गेली आणि रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन आली. उघडं दार रंगवायला फार काही लागत नाही. दाराची फळी झाकून टाकायची आणि तिथे आतला काळोख भरायचा. तिने काळ्यात थोडा निळा घातला, ते मी शिकवलेलं नव्हतं. मंडपवाले खाली येऊन थांबले होते, बांबू सोडायचे म्हणून घाई करत होते. शीलाबाई त्यांना म्हणाली, "थांबा जी दोन मिनिटं. पोरगी दार उघडून राह्यली."